सरहद्दीवरची मिरज

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून शाळेची सहल निघाली, की ती बहुधा चढणीला लागते. अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड. नाहीतर कृष्णा ओलांडून पलीकडे पन्हाळा. किल्ला म्हणजे डोंगर, ही खूणगाठ आपल्या मनात लहानपणीच बसलेली असते. मिरजेला किल्ला आहे असे वर्गात सांगितले, तर मुले विचारतात, "सर, तिथे डोंगर कुठाय?" प्रश्न वाजवी आहे. मिरजेला डोंगर नाही, टेकडीसुद्धा नाही. सपाट काळी रानं, पश्चिमेला कृष्णा, आणि मध्ये हे गाव. डोंगर नव्हता म्हणूनच येथे माणसाला तट बांधावा लागला आणि खंदक खणावा लागला. असल्या किल्ल्याला आपण भुईकोट म्हणतो.

आता तट कोणी बांधतो? ज्याला शेजाऱ्याची धास्ती असते तो. मिरज हे पिढ्यान्‌पिढ्या सरहद्दीवरचे गाव आहे. राज्ये बदलली, सरहद्दी इकडच्या तिकडे सरकल्या, पण कोणती ना कोणती सरहद्द मिरजेच्या अंगणातूनच गेली. आजही पाहा. मिरजेहून दक्षिणेला निघालात, म्हैसाळ मागे टाकलेत, की कागवाड लागते आणि कर्नाटक सुरू होते. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे बदलतात. रानातले पीक मात्र बदलत नाही.

गावाच्या नावाविषयी आधी बोलू. हे नाव मीरासाहेबांवरून पडले असे पुष्कळजण मानतात. श्रद्धेने मानतात, त्यात वावगे काही नाही. पण नाव त्याहून जुने आहे. शिलाहार राजांच्या लेखांत हा मुलूख मिरिंज देश म्हणून येतो. चालुक्य राजा दुसरा जयसिंह याचा शके ९४६ चा, म्हणजे इसवी सन १०२४ चा ताम्रपट मिरजेस मिळाला. शिलाहार मारसिंहाचा १०५८ चा ताम्रपटही मिरजेचाच. तेव्हा एक हजार वर्षांपूर्वी हे गाव नांदते होते, आणि तेव्हाही त्याच्या एका बाजूला कानडी बोलणारा व दुसऱ्या बाजूला मराठी बोलणारा मुलूख होता. पुढे बहामनी राज्य आले, मग विजापूरची आदिलशाही आली. आदिलशाहीत गावाला मुर्तजाबाद असे भारदस्त नाव मिळाले. कागदोपत्री ते बराच काळ चालले, लोकांच्या तोंडी मात्र मिरज ती मिरजच राहिली. सरकारी नाव आणि बोलीतले नाव यांची शर्यत लागली, की बहुधा बोलीच जिंकते!

आता १६५९-६० सालाकडे वळू. तुम्हांपैकी साताऱ्याकडचे जे शिक्षक आहेत त्यांना १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख सांगायला नको. प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला. त्यानंतर शिवाजी महाराजांनी विजापूरकरांना उसंत दिली नाही. वाई, कराड करीत फौज दक्षिणेला उतरली आणि अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा हाती आला. पुढे महिन्याने, २८ डिसेंबरला, कोल्हापूरनजीक रुस्तुमेजमानचा पराभव झाला. प्रतापगड, पन्हाळा, कोल्हापूर. सारे कसे वाऱ्यासारखे. आणि मग फौज मिरजेसमोर येऊन उभी राहिली, आणि थांबली.

आधी नेताजी पालकर वेढा घालून बसले, मग महाराज स्वतः आले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, मिरज काही पडेना. असे का व्हावे? डोंगरी किल्ल्याला एखादी दुबळी कडा असते. रात्री घोरपडीसारखे चिकटून वर चढणारे मावळे असतात, अंधार असतो, झाडी असते. भुईकोटापुढे यातले काही चालत नाही. चहूकडे मोकळे रान. कोणी जवळ येऊ लागला की तटावरून कोसभर अलीकडेच दिसतो. आडवा खंदक, त्यापलीकडे तट. असा कोट फोडायला जड तोफा पाहिजेत, नाहीतर आतल्या माणसांची उपासमार होईतो बसून राहायला वेळ पाहिजे. चपळ घोडदळाच्या त्या फौजेजवळ तेव्हा जड तोफखाना नव्हता, आणि वेळ तर त्याहून नव्हता. सिद्दी जौहर मोठी फौज घेऊन विजापुराहून निघाल्याची खबर आली. महाराजांनी वेढा उठवला आणि २ मार्च १६६० ला ते पन्हाळ्यावर गेले. पन्हाळ्याचा वेढा, भर पावसातली ती रात्र, बाजीप्रभू, घोडखिंड हे पुढचे सारे आपल्याला पाठ आहे. पण त्या गोष्टीचा दरवाजा मिरजेत आहे. मिरज पडली असती, तर पुढची गोष्ट कशी घडली असती, याचा विचार वर्गात मुलांना जरूर करू द्यावा.

येथे शिक्षकबंधूंसाठी थोडे थांबतो. २००९ च्या सप्टेंबर महिन्यात, गणेशोत्सवात, अफझलखानाच्या वधाचे चित्र असलेल्या एका कमानीवरून मिरजेत दंगल उसळली. दुकाने जळली, संचारबंदी लागली, आजूबाजूच्या गावांतही झळ पोचली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक प्रसंग, आणि त्याच्यापायी आजच्या शेजाऱ्यांनी एकमेकांवर दगड उचलले. त्या वेळी शाळेत असलेली मुले आज कर्ती झाली आहेत. त्यांना हा इतिहास आपण कसा शिकवला होता, असा प्रश्न मला पडतो. कोल्हापूरच्या त्या डिसेंबरातल्या लढाईत शिवाजी महाराजांच्या बाजूने सिद्दी हिलाल आपल्या माणसांसह लढत होता, आणि विजापूरच्या बाजूने मराठे सरदार लढत होते. हे मी काही सौम्य करून सांगत नाही. घडले तसेच सांगतो. लढाई राज्यांची होती. पाठ्यपुस्तकातील परिच्छेद लहान असतो, त्यात हिलालला जागा मिळत नाही. ती जागा शिक्षकाने तोंडी द्यायची असते.

१६८६ मध्ये विजापूर पडले, आणि त्यानंतर मिरज मोगलांकडे गेली. ती मराठ्यांकडे यायला १७३९ साल उजाडावे लागले. शाहू महाराज हे साताऱ्याची गादी सोडून सहसा मोहिमेवर न जाणारे छत्रपती. दिल्लीपर्यंत फौजा धाडल्या त्या पेशव्यांच्या आणि सरदारांच्या हाताने. पण मिरजेसाठी ते स्वतः छावणीसह बाहेर पडले. त्या आधी १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमध्ये वारणा नदी ही शीव ठरली होती. वारणा कृष्णेला मिळते ती सांगलीजवळच्या हरिपुराशी. त्या संगमापासून मिरज किती लांब? सकाळी चालत निघालेला माणूस ऊन्ह तापायच्या आत पोचेल. म्हणजे एकीकडे कोल्हापूर, दुसरीकडे निजाम, खाली कर्नाटक. अशा तिठ्यावरचे ठाणे दुसऱ्याच्या हाती ठेवून साताऱ्याला झोप कशी लागावी?

पुढे पटवर्धन आले. इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये हरभट पटवर्धन हे मूळचे कोकणातले. त्यांची मुले भिक्षुकी सोडून तलवारीकडे वळली. त्यांपैकी गोविंद हरी यांना १७६१ मध्ये मिरजेचा किल्ला आणि त्याखालची ठाणी फौजेच्या खर्चासाठी मिळाली. ते वर्ष पानिपताचे. उत्तरेत सारे कोसळले होते, दक्षिणेत हैदर अली डोके वर काढत होता. कर्नाटकाच्या वाटेवर भरवशाचा पहारेकरी पाहिजे होता, तो पटवर्धनांच्या रूपाने बसवला.

आणि लगेच दोन वर्षांत काय झाले ते ऐका. राघोबादादा आणि माधवराव यांच्या घरच्या भांडणात पटवर्धन दादांच्या डोळ्यांवर आले. १७६३ च्या आरंभी दादांनी मिरजेला वेढा घालून ती घेतली. आत मराठे, बाहेर मराठे. गोविंद हरींचे चिरंजीव गोपाळराव रागाने निजामाला जाऊन मिळाले, आणि त्याच साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले. ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला निजाम हरला, माधवरावांच्या हाती कारभार आला, आणि पटवर्धनांना मिरज परत मिळाली. पटवर्धनांच्या पराक्रमाची व्याख्याने आपल्याकडे पुष्कळ होतात. हे एक वर्ष त्यांत बहुधा गाळले जाते. मला मात्र ते फार बोलके वाटते. सरहद्दीवरच्या माणसाला घरच्यांनी दुखावले, की तो कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि दार तर त्याच्याच हातात असते.

घरातली भांडणे पटवर्धनांनाही चुकली नाहीत. चिंतामणराव वयात आले, तेव्हा चुलते गंगाधरराव कारभार सोडेनात. अखेर १८०१ च्या सुमारास वाटणी झाली. चिंतामणरावांनी गणपती बरोबर घेतला, मिरज सोडली आणि कृष्णाकाठच्या एका लहान खेड्यात जाऊन नवी राजधानी मांडली. ते खेडे म्हणजे सांगली. सहा गल्ल्यांचे गाव म्हणून सांगली, अशी व्युत्पत्ती सांगतात. ऐकायला गोड आहे, एवढेच तिच्याविषयी म्हणावे. चिंतामणरावांच्याच आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभे केले. तेव्हा सांगलीकरांनी रागावू नये, पण त्यांचे गाव हे मिरजेच्या भाऊबंदकीचे फळ आहे! मिरजेचे तुकडे पडायचे काही थांबले नाहीत. इंग्रजी अमलात १८२० मध्ये पुन्हा वाटण्या झाल्या, आणि शेवटी थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने उरली. धाकट्या पातीची गादी बुधगावला गेली. ८ मार्च १९४८ ला ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि त्याला सांगली हे नाव मिळाले ते २१ नोव्हेंबर १९६० ला. म्हणजे सातारा आणि सांगली कागदावरसुद्धा एकाच घरचे.

एवढ्या लढायांचा कोट आज कसा आहे? तुकड्यातुकड्यांनी आहे. किल्ला भाग हे वस्तीचे नाव झाले आहे, आत कचेऱ्या आणि घरे आहेत, तटाचे अवशेष आणि दरवाजा शोधून पाहावे लागतात. नदीवेस म्हणतात, पण वेशीचे दार नाही. नावच पहारा देते. खंदकाचे म्हणाल तर, खंदक ही मोठी गैरसोयीची चीज आहे. लढाई संपली की तो गावाला खड्डा वाटू लागतो आणि माणसे त्यात कचरा टाकू लागतात. डोंगरावरचा किल्ला ओसाड राहून तरी वाचतो. भुईकोट वस्तीच्या मधोमध असतो. त्याचा घडीव दगड कुणाच्या ओट्याला गेला, कुणाच्या विहिरीला गेला, हे कुणाला कळतही नाही. तटाच्या दगडावर कोणी कोरून थोडेच ठेवते, की हा अमक्याचा आहे?

परदेशातली एक गोष्ट येथे आठवते. पोलंडच्या नैर्ऋत्य सीमेवर, चेक मुलखाला लागून, पाच्कुफ नावाचे लहानसे गाव आहे. त्याचा मध्ययुगातला तट, बुरुजांसकट, बराचसा आजही उभा आहे आणि लोक तो पाहायला मुद्दाम जातात. गंमत अशी, की १९४५ पर्यंत हे गाव जर्मनीत होते. तट जागचा हलला नाही, सरहद्द हलली. आणि पोलंडचा मिरजेशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल, तर आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या पूर्व भागातून रशियाने हजारो कुटुंबे उचलून सैबेरियाकडे नेली होती. सुटल्यावर इराणमार्गे त्यांतली काही हिंदुस्थानात आली, आणि १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिली. त्यांतल्या आजाऱ्यांना आपल्या पाचगणीच्या हवेत ठेवत. कोल्हापूरला जाणारी आगगाडी मिरजेवरूनच जाते. तेव्हा ही सारी मंडळी मिरजेच्या फलाटावरून पुढे गेली. १९४८ पर्यंत तळ उठला, पण बहुतेकांना आपल्या गावी परतता आले नाही. त्यांची गावे दरम्यान पोलंडमध्ये राहिलीच नव्हती. मग त्याच वळिवड्याच्या जागी फाळणीत घर सुटलेले सिंधी लोक येऊन राहिले, आणि आजचे गांधीनगर झाले.

फलाटाचा विषय निघालाच आहे, तर मिरज जंक्शनविषयी सांगतो. तट निरुपयोगी झाला तसे मिरजेचे महत्त्व रेल्वेने राखले. पुण्याकडून बेळगावकडे जाणारी मीटर गेज लाइन १८९० च्या सुमारास झाली, कोल्हापूरचा फाटा १८९१ मध्ये झाला, आणि बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली नॅरो गेज गाडी लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर करीत १९२७ मध्ये मिरजेला येऊन टेकली. १९७१ मध्ये पुण्याकडचा मार्ग ब्रॉडगेज झाला. त्यानंतर बरीच वर्षे एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ होते, आणि एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरताना हमालांचे खांदे सोलून निघत. ती नॅरो गेज आता गेली. पण २०१६ च्या एप्रिलात लातूरला दुष्काळाने घसा कोरडा पडला, तेव्हा कृष्णेचे पाणी भरून टाक्यांची गाडी मिरजेहूनच निघाली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. सरहद्दीवरच्या ठाण्यातून पूर्वी फौजा निघत. हे पाणी निघालेले त्या मानाने फार चांगले.

रेल्वे आली आणि तिच्याबरोबर रोगी आणि गवई आले. विल्यम वान्लेस हे डॉक्टर अमेरिकन मिशनतर्फे १८८९ मध्ये या भागात आले, आणि १८९४ मध्ये त्यांचे मिरजेचे इस्पितळ सुरू झाले. गाडीत बसून लांबलांबचे लोक ऑपरेशनला येऊ लागले. मिरज म्हणजे दवाखाना, असे समीकरणच होऊन बसले. १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही येथेच निघाले.

डोळ्यांच्या औषधासाठी एक मुलगा कुरुंदवाडहून मिरजेला आला होता. दारूकामाच्या फटाक्याने त्याची दृष्टी अधू झाली होती. डोळे काही पुरते सुधारले नाहीत, पण त्याला मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे गुरू मिळाले. तेच पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, त्या विद्येची शिदोरी मिरजेची. दुसरे अब्दुल करीम खाँ, मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. आजारपणात त्यांनी मीरासाहेबांच्या दर्ग्यात बसून गायन केले आणि ते बरे झाले, असे सांगतात. पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही १९०५ मध्ये मिरजेतच झाला. खाँसाहेब मिरजेहून गाडीत बसत आणि धारवाड-हुबळीकडे मैफलींना जात. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य. आणि भीमसेन जोशी हे सवाई गंधर्वांचे. मराठी माणूस आणि कानडी माणूस भूगोलावरून पुष्कळ भांडले आहेत. किराणा घराण्याचे गाणे मात्र त्या रुळांवरून दोन्हीकडे बिनतक्रार गेले. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडच्या प्रवासात एका लहान स्टेशनावर खाँसाहेबांचे देहावसान झाले. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केले. उरुसात तेथे दरवर्षी संगीतसभा भरते. त्या उरुसाची सुरुवात चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाने होते, हेही शिक्षकांनी टिपून ठेवावे.

गाव पाहायला जाल तेव्हा ब्राह्मणपुरीतला वेणाबाईंचा मठ चुकवू नका. समर्थ रामदासांच्या या शिष्या बालपणीच विधवा झालेल्या, मिरजेच्या देशपांड्यांच्या सून. बाईने उभे राहून कीर्तन करायचे ही त्या काळात अनहोनी गोष्ट; समर्थांनी त्यांना तो अधिकार दिला. १६७८ मध्ये त्यांनी सज्जनगडावर देह ठेवला. सज्जनगडावर समाधी आणि मिरजेत मठ, असे हे सातारा-सांगलीचे आणखी एक नाते.

आणि शेवटी सतारमेकर गल्लीत जा. येथले कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. संस्थानी काळात लढाया संपल्या, तलवारींना धार कोण लावून घेणार? सुमारे १८५० च्या आसपास फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन यांनी वाद्यदुरुस्तीला हात घातला, आणि दुरुस्तीवरून ते नव्या सतारी व तंबोरे करू लागले. संस्थानिकांनी आश्रय दिला. तंबोऱ्याचा भोपळा हा आपल्यासारख्या शेतकऱ्याच्याच रानातला. पंढरपूरच्या बाजूला, भीमाकाठी, तो मुद्दाम पिकवतात. खायच्या उपयोगाचा नाही, कडू असतो. वेलावर पक्का होऊन वाळला पाहिजे, आकाराने डावा-उजवा होता कामा नये, साल जाड पाहिजे. मग त्याचे तोंड कापायचे, आतला गर काढायचा, भिजवून तोंड ताणून रुंद करायचे, पुन्हा वाळवायचे, वर लाकडी तबली आणि दांडी बसवायची. सगळ्यांत अवघड काम जवारीचे. तार ज्या घोडीवर टेकते तिचा पृष्ठभाग कानसीने इतका हलक्या हाताने घासायचा, की तार छेडल्यावर आवाज उघडा आणि भरलेला यावा. केसभर जास्त घासले तर आवाज मेला. पात्याला धार देताना आजोबांचा हात जेथे थांबत असे, तेथेच नातवाचा हात थांबतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कारागिरांची दुकाने रस्त्यालगतच आहेत. मुलांना आत बोलावून, तंबोऱ्याची एक तार छेडून दाखवा म्हटले, तर ते नाही म्हणत नाहीत.